तिसरा सेन्सर मी बसवला नाही

माझ्या गॅरेजात शिरणारा माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग माझ्या मागं बघतो. मागं कुणीतरी पुरुष उभा असेल, त्याच्या हातात पाना असेल, अशी त्याची खात्री असते. मागं असते नुसती भिंत. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याच्या खाली टेबल, आणि टेबलावर मीटर, स्कॅनर आणि वायरींची भेंडोळी. इतकी वर्षं झाली, तरी लोकांचं हे मागं बघणं काही सुटत नाही.

मी गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला, मग वाळूजच्या एका कारखान्यात वायरिंग तपासायची नोकरी केली, आणि पुढं क्रांती चौकामागच्या गल्लीत हे दुकान टाकलं. इंजिन उतरवणं, क्लच बदलणं हे माझ्याकडं होत नाही. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला आणि दोन-तीन ठिकाणी फिरूनही विझला नाही, की लोक माझ्याकडं येतात. म्हणजे मी कुणाचीच पहिली डॉक्टर नसते. सगळीकडं हात टेकल्यावर माणूस माझ्या दारात येतो, आणि वर मलाच विचारतो, "जमंल का तुम्हाला?" याचा मला राग येतो आणि आतून बरंही वाटतं. दोन्ही एकदम होतं, त्याला मी काय करू?

ते आले तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. लेण्या बघायला येणाऱ्यांचा हंगाम सुरू होत होता आणि टुरिस्ट गाड्यांना दम खायला वेळ नव्हता. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, खिशाला कंगवा. गाडीही पांढरी, आणि अशी राखलेली की चाकाच्या रिमवर बोट फिरवलं तरी धूळ लागू नये. टुरिस्टची गाडी इतकी स्वच्छ मी क्वचितच पाहिली आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं आणि विचारलं, "साहेब हायती का?"

"साहेब शाळेत पोरांना भूगोल शिकवायलेत," मी म्हणाले. "गाडीला काय झालं ते मला सांगा."

ते ओशाळले. मग त्यांनी शर्टाच्या आतून जपून आणल्यासारखा एक खोका काढला आणि टेबलावर ठेवला. नवाकोरा ऑक्सिजन सेन्सर होता.

"मॅडम, येवढा बसवून द्या. बाकी काय बघू नका."

गाडीला ऑक्सिजन सेन्सर म्हणजे नाक. इंजिनातून जळून बाहेर पडणाऱ्या धुराच्या नळीत तो बसलेला असतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगत असतो. पेट्रोल जास्त झालं की कमी, हे तो कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणं पेट्रोल कमी-जास्त करतो. या कॉम्प्युटरला गॅरेजच्या भाषेत ईसीएम म्हणतात. नाक आणि मेंदू, एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.

"याच्या आधी किती बसवले?" मी विचारलं.

"दोन."

"दोन्ही नवे?"

"व्हय. बसवला की चार दिवस बरी चालती. मग लाईट येती, अन् घाटात झटके मारायली की थांबतीच."

"आणि तिसरा बसवल्यावर काय होईल असं वाटतं?"

मी खोका उचलला आणि त्यांच्या हातात परत दिला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असला धंदा माझ्याकडं चालत नाही. आमच्या व्यवसायात या धंद्याचं नाव आहे 'बदलून बघू'. स्कॅनर लावायचा, स्क्रीनवर ज्याचं नाव येईल ते बदलायचं. स्कॅनर म्हणतो सेन्सरमध्ये दोष, की सेन्सर बदल. बदलताना कॉम्प्युटरमधली दोषाची नोंद, म्हणजे कोड, पुसतात, म्हणून चार दिवस गाडी बरी वाटते. परत दोष आला की परत बदल. तरीही आला की मान हलवायची आणि म्हणायचं, ईसीएम गेला. स्कॅनर बिचारा तक्रार सांगतो. तक्रार कुणी केली ते कळतं, पण चूक कुणाची ते शोधायला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे मी. हे मी कुणालाही तोंडावर सांगते, उगीच विनय मला जमत नाही.

"ईसीएम गेला असंही कुणीतरी सांगितलं असेल," मी म्हणाले.

त्यांनी चमकून बघितलं. "तुमाला कसं कळलं?"

खुर्ची दिली, चहा मागवला, तेव्हा सगळं बाहेर आलं. अजिंठ्याजवळच्या एका खेड्यातले ते. मिसरूड फुटल्यापासून दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. मालक सांगेल तिथं जायचं, मालक सांगेल तेव्हा थांबायचं, पाहुण्यांचं जेवण होईपर्यंत बाहेर उन्हात उभं राहायचं. चार वर्षांपूर्वी त्यांनी ही गाडी घेतली, स्वतःच्या नावावर. तेव्हापासून शहरातून पाहुणे घ्यायचे, लेण्या दाखवायच्या आणि परत आणून सोडायचे. आता झटक्यांमुळं दोनदा पाहुणे रस्त्यातच उतरले होते, आणि ज्या हॉटेलातून काम यायचं तिथून फोन येणं थांबलं होतं. मोठ्या वर्कशॉपात सांगितलं होतं की ईसीएम नवा मागवावा लागेल, किल्लीशी जुळवावा लागेल. ते त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

"सिल्लोडचा एक कापसाचा व्यापारी हाय. शनवारी गाडी न्यायला येणारंय," ते म्हणाले. "चांगला माणूस हाय तसा. म्हणला, गाडी मी दुरुस्त करतो, डायवर तूच ऱ्हा."

असं म्हणून ते हसले. ते हसणं मला बघवलं नाही. तीच गाडी, तेच स्टिअरिंग, आणि पुन्हा पगारी नोकरी. तो दिवस गुरुवारचा होता.

मी सेन्सर बसवला नाही. स्कॅनर लावला, गाडी चालू केली आणि नुसती बघत बसले. सेन्सरची रेघ स्क्रीनवर खालीवर नाचत होती, जशी नाचायला हवी तशीच. निरोगी नाक. मग मी त्यांना हेडलाइट लावायला सांगितलं. रेघ खाली सरकली. एसी लावायला सांगितला. पुढचा पंखा घुर्र करून सुरू झाला आणि रेघ आणखी खाली जाऊन आडवी पडली. म्हणजे कॉम्प्युटरला वाटत होतं की पेट्रोल कमी पडतंय, आणि तो जास्त जास्त पेट्रोल सोडत होता. इंजिन गुदमरून झटके मारायला लागलं. त्यांनी घाबरून चावी बंद केली.

"बंद करू नका!" मी ओरडले. "आता तर ती बोलायला लागलीय."

गाडी परत चालू केली. हेडलाइट लावल्यानं नाकाला काय व्हायचं? काहीच नाही. मग मी स्कॅनरवर दुसरा आकडा काढला: कॉम्प्युटरला बॅटरी किती व्होल्टची दिसते? तेरा. माझा मीटर थेट बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावला. चौदा. एकाच बॅटरीचे दोन आकडे, दोघांत एक व्होल्टाचा फरक. मीटर खोटं बोलत नव्हता, तो माझा आहे. कॉम्प्युटरही खोटं बोलत नव्हता, त्याला तेवढंच पोहोचत होतं. वाटेत कुणीतरी एक व्होल्ट खात होतं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण कामचुकाराला टोमणा म्हणून म्हणतो. इथं नाचणारी अगदी बरी होती, अंगणच खरोखर वाकडं होतं. गाडीतला प्रत्येक सेन्सर आपला आकडा शून्यापासून मोजतो, आणि ते शून्य म्हणजे गाडीचा पत्रा, बॅटरीची वजा बाजू. आम्ही त्याला अर्थिंग म्हणतो. ते शून्यच जर वर उचललं गेलं, तर नाक, मेंदू, सगळे आपापल्या परीनं खरं बोलतात आणि तरी सगळं चुकतं.

बॅटरी काढली, खालचा ट्रे काढला. तिथं पत्र्याला एक बोल्ट होता, आणि त्याच एका बोल्टवर हेडलाइटचं, पंख्याचं आणि ईसीएमचं अर्थिंग एकत्र आवळलेलं. म्हणजे होतं. आता तिथं हिरवट-पांढऱ्या खपलीचा एक गोळा दिसत होता. दिवे आणि पंखा लागले की त्यांचा प्रवाह या गंजात अडायचा आणि ईसीएमचं शून्य वर उचलायचा. इतका गंज मी समुद्राकाठच्या गाड्यांत पाहिला आहे, पण आपल्या या कोरड्या मुलखात? मी नखानं खपली काढली. चिकट होती, आणि तिच्यात मधेमधे लाल रंग होता. वास घेतला. गोडसर, आंबलेला वास.

मला कळलं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. लोकांना क्रिकेटच्या शेवटच्या षटकात जे होतं, ते मला असल्या वेळी होतं.

"भाऊ, बॉनेट उघडून नारळ फोडता का?"

त्यांची छाती फुगली. "दर आमुशाला! चार वर्सांत एक आमुशा चुकली नाय. नारळ फोडायचा, पाणी तांब्यात धरायचं. आधी इंजिनाला घालायचं, मंग चाकांना. कुंकू, हळद, समदं इंजिनाला आधी. इंजिनावरच तर पोट हाय."

त्या तांब्यातलं पाणी कुठून कुठं वाहत गेलं असेल ते मला दिसत होतं. बॅटरीच्या कडेनं ट्रेखाली, आणि बरोबर त्या बोल्टावर. नारळाच्या पाण्यात क्षार आणि साखर. दर अमावास्येला तांब्याभर, वर इंजिनाची ऊब. याहून चांगला गंज कुणाला मुद्दाम करता येणार नाही. मी त्यांना तसं सांगितलं. माझ्या आवाजात अजून शोधाचा आनंद होता, आणि तो त्यांना कसा ऐकू गेला असेल याचा विचार मी केला नाही.

त्यांचा चेहरा उतरला, मग घट्ट झाला. त्यांनी वर भिंतीकडं बघितलं, निळ्या कोटातल्या फोटोकडं, आणि मग माझ्याकडं.

"तुमच्यात मानत न्हाईत," ते म्हणाले. "म्हणून तुमाला नारळच दिसायला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'तुमच्यात' हा शब्द मी शाळेत ऐकलाय, कारखान्यात ऐकलाय, भाड्यानं दुकान शोधताना तर फारच गोड आवाजात ऐकलाय. तुमची गाडी उचला आणि निघा, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी बोलून टाकलं असतं तर मला त्या दिवशी झोप छान लागली असती, आणि शनिवारी सिल्लोडचा माणूस गाडी घेऊन गेला असता. ते तोवर बॉनेट पाडायला पुढं झाले होते. मी मधे उभी राहिले.

"मी काय मानते ते राहू द्या," मी म्हणाले. "हा मीटर काहीच मानत नाही. एक वायर लावते. घाटापर्यंत चला. एक जरी झटका बसला, तर हा तिसरा सेन्सर मी स्वतः बसवून देईन आणि वर हात जोडेन."

ते थांबले. मी गंजलेल्या बोल्टाला हात लावला नाही. बॅटरी जागेवर बसवली, एक जाड वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरं ईसीएमच्या अर्थिंगच्या वायरीला थेट जोडलं. गंजाला बाजूला ठेवून नवा रस्ता, एवढंच. कोड पुसले आणि स्कॅनर मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

हर्सूल मागं पडलं. सावंगीच्या पुढं त्यांनी स्वतःच हेडलाइट लावले, भर दुपारी. मग एसी, मग मागची काच गरम करायचं बटण, मग रेडिओ. जे जे लागेल ते सगळं त्यांनी लावलं. हे सगळं मला खोटं पाडायला चाललंय, हे मला कळत होतं, आणि त्याबद्दल मला त्यांचं कौतुकही वाटलं. तपासणी अशीच करायची असते.

चौक्याचा घाट सुरू झाला. पुढं उसाचा ट्रक होता, म्हणजे वेग नाही, गिअर खालचा, इंजिनावर सगळा भार. याच ठिकाणी पाहुणे उतरले होते, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. मी स्क्रीनकडं बघत होते. रेघ खालीवर, खालीवर नाचत होती. बॅटरी चौदा. वळण आलं, दुसरं वळण आलं. ट्रकच्या मागून त्यांनी गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला, आणि ती अशी उचलली की माझी पाठ सीटला टेकली.

माथ्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. थोडा वेळ ते स्टिअरिंगवर नुसता तळहात फिरवत राहिले. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. मग फोन काढला आणि माझ्यासमोरच लावला.

"शेट, शनवारी येऊ नका. नाय, नाय, तसं काय नाय. गाडी इकायची नाय मला." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाय शेट, डायवर पण दुसरा बघा."

त्या शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज असा निघाला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू? ते काम मी केलं होतं. दोन ठिकाणच्या लोकांनी जे मेलेलं ठरवलं ते जिवंत आहे हे मी दाखवलं होतं, एका वायरीनं. मला वाटलं, आता कुणीतरी यावं आणि माझ्या मागं कोण उभं आहे ते बघावं.

परत येऊन पक्कं काम केलं. बोल्ट काढून टाकला, पत्रा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासला, वायरींच्या टोकांना नवे लग, म्हणजे बोल्टात अडकवायच्या कड्या, दाबून बसवले. ईसीएमचं अर्थिंग त्या गर्दीतून सोडवून वरच्या बाजूला वेगळ्या बोल्टावर घेतलं आणि दोन्हीकडं ग्रीस लावलं. ते शेजारी उभे राहून सगळं बघत होते. गंजलेला बोल्ट त्यांनी मागून घेतला. हातात फिरवून त्यातलं कुंकू निरखत राहिले.

"मीच केलं म्हणायचं," ते हळूच बोलले. "जिवापाड जपली, अन् मीच."

मघाशी मला आलेला राग अजून पुरता गेला नव्हता, पण या वाक्यावर मला वाद घालता येईना. एवढ्या प्रेमानं बिघडवलेली गाडी मी दुसरी पाहिलेली नाही, असं मी म्हणाले. ते हसले, आणि यावेळी ते हसणं बघवलं.

"ताई, मंग आमुशाला काय करू? सोडून देऊ का?" मॅडमची ताई कधी झाली ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"सोडायला मी सांगत नाही. तो तुमचा प्रश्न," मी म्हणाले. "बॉनेट बंद ठेवा. चाकापुढं जमिनीवर फोडा. इंजिनाच्या पोटात पेट्रोल आणि हवा सोडून काही घालू नका."

'तुमच्यात' म्हणाले त्याची माफी त्यांनी मागितली नाही. मीही वाट बघितली नाही. खरं सांगायचं तर थोडी बघितली. ते गेल्यावर मी मीटर पुसून ठेवला आणि उरलेला चहा थंडच पिऊन टाकला.

पुढच्या अमावास्येला सकाळी मी शटर वर करत होते, तेव्हा पांढरी गाडी गल्लीत शिरली. आत पाहुणे नव्हते, त्यांना हॉटेलातून घ्यायला अजून अवकाश होता. कामं पुन्हा सुरू झाली होती, हे त्यांच्या कडक इस्त्रीवरूनच कळत होतं. त्यांनी गाडी माझ्या दारात लावली, चपला काढल्या आणि बॉनेट उघडलं.

"आधी मीटर लावा," ते म्हणाले. "मंग नारळ."

मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला आणि दुसरं ईसीएमच्या अर्थिंगला लावलं. हेडलाइट, एसी, पंखा, सगळं चालू. आकडा जवळजवळ शून्य, म्हणजे वाटेत आता कुणी व्होल्ट खात नव्हतं. मी मीटर त्यांच्याकडं वळवला, त्यांनी तो वाचला, देवाच्या पायांकडं बघावं तसा बघितला, आणि बॉनेट लावून टाकलं. मग पुढच्या चाकापाशी बसून त्यांनी नारळ दगडावर आपटला. पाणी सवयीनं तांब्यात धरलं, एक थेंब सांडू दिला नाही. कुंकू बॉनेटला बाहेरून लावलं. तांब्या भरलेला तसाच हातात घेऊन ते थोडं घुटमळले, कारण आता ते पाणी घालायचं कुठं हा प्रश्न होता.

मग ते उठले आणि तांब्या माझ्यापुढं धरला. "ताई, हे इंजिनाचं हाय. तुमी घ्या."

मी वरून ओतून पिणार होते. आमच्या घरी दुसऱ्याच्या भांड्याला ओठ लावायचा नाही हे लहानपणीच शिकवलेलं, आणि का शिकवलं होतं ते मला माहीत आहे. त्यांनी माझी उचललेली मान बघितली आणि मान हलवली. "तसं नगं. नीट प्या."

मी तांब्या तोंडाला लावला. पाणी गोड होतं, त्यात हळदीचा किंचित वास होता. अर्धं पिऊन मी तो परत दिला. त्यांनी विसळायला नळाकडं बघितलंसुद्धा नाही. उरलेलं पाणी तिथंच उभ्यानं, तांब्याला तोंड लावून, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं, शर्टाच्या बाहीनं ओठ पुसले आणि पाहुण्यांना घ्यायला निघून गेले.